सहा किलोचा चणक

"...आणि मासो तुका दिसलो, पण गिराइकाक दिसलो नाय. मगे मासो आसा, की नाय?"

लाडूआजानं हे विचारलं तेव्हा होडी खारवण्याच्या खाडीत मधोमध उभी होती. गुडघाभर पाणी, खाली पांढरी रेती, पाठीवर सकाळचं ऊन. बांबू अक्षताच्या हातात.

तिनं पाण्यावरची नजर काढली नाही.

"माका दिसलो म्हणजे आसा."

"हां..."

आजा गप्प झाला. आणि लाडूआजा गप्प झाला की समजायचं, कुणाची तरी आता धडगत नाही.

हा लाडू मेतर म्हणजे खारवण्याचा पहिला गाइड. जन्म गेला जाळ्यात, आणि म्हातारपणी शहरातले लोक आले लांब लवचिक काठ्या घेऊन. काठीला जाड दोरी, दोरीच्या टोकाला पिसं बांधलेली गरी, म्हणजे गळ. ती पिसं माशाला कोळंबी वाटतात म्हणे. गिऱ्हाईक होडीच्या पुढच्या टोकावर उभं राहतं, गाइड मागं उभा राहून बांबूनं होडी ढकलतो आणि मासा कुठं आहे ते सांगतो. मासा लागला की फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

पहिल्या वर्षी गाव म्हणालं, लाडूला खुळे सापडले. दुसऱ्या वर्षी गाव म्हणालं, लाडू, दोनचार खुळे आमच्याकडंपण पाठव.

गरीची पिसं आजाच्या घरच्या कोंबड्याची. तो कोंबडा आजाला बघितला की शेपटी भिंतीला लावून उभा राहायचा.

आज खाडीत सात गाइड. सातही आजाच्या हाताखालून गेलेले. आठवी ही अक्षता मोंडकर, तिशीची, दोन हंगाम आजाच्या होडीत बांबू मारत होती. तिची नजर अशी की पाण्याखालची मुंगी शिंकली तरी दिसावी. सातही गाइड हे बोलून दाखवायचे.

आणि तिलाही ते माहीत होतं. इथंच घोळ होता.

आजा "हो" म्हणेपर्यंत खाडीत कुणी तिच्याकडं गिऱ्हाईक देणार नव्हतं. आणि आजा काही म्हणेना. घरात आई टोचत होती, भावजींनी लांबच्या कोळंबीच्या कारखान्यात काम बघून ठेवलं होतं, सोमवारपासून या म्हणाले होते. अक्षतानं सांगितलं होतं, शनिवारची सुकती तेवढी बघू दे. शनिवारी आजा हो म्हणाला तर खाडी, नाही म्हणाला तर दिवसभर बर्फात हात घालून कोळंबी सोलायची.

आज शनिवार. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. पाणी समुद्राकडं निघालं होतं.

"बरा," आजा म्हणाला, "आज मी गिराईक."

आणि पिशवीतून त्यानं एक टोपी काढली. रुंद काठाची, हिरवी, मागं मानेवर पडदा असलेली. कुणी पुण्याचा माणूस विसरून गेलेला. मग काळा चष्मा. मग बूट, खालून खिळ्यासारखे टणक, होडीत टाकले की ढोल वाजल्यासारखा आवाज.

त्यानं हे सगळं अंगावर चढवलं, होडीच्या टोकावर जाऊन उभा राहिला आणि तोंड वाकडं करून शहरी मराठी सुरू केली.

"मॅडम, तुम्हीच का त्या गाइड?"

अक्षताला हसू आलं. तिनं ते गिळलं. परीक्षा आहे हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती.

मग आजानं जे काही चालवलं, त्याला गिऱ्हाईक म्हणायचं की साडेसाती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आधी त्याला तहान लागली. मग त्याला इथं मगरी असतात का ते विचारायचं होतं. मग त्यानं आपल्या नसलेल्या बंगल्याची आणि नसलेल्या कुत्र्याची हकीकत सांगितली. कुत्र्याचं नाव विचारायची वेळ अक्षतावर येईपर्यंत सांगितली. बूट आपटत सांगितली. त्या आवाजानं बोय माशांचा एक अख्खा थवा चांदीसारखा चमकला आणि नाहीसा झाला.

"साहेब, पाय जरा हळू."

"हो हो. सॉरी हं."

आणि धाप करून दुसरा पाय.

गाइड लोक मासा दाखवताना घड्याळ वापरतात. होडीचं टोक म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा हात नऊ. अक्षताला एक काळी सावली सरकताना दिसली. ती दबक्या आवाजात म्हणाली, अकरावर, चाळीस फूट.

आजानं मनगट बघितलं. तिथं घड्याळ नव्हतं. मग त्यानं सूर्याकडं बघितलं.

"नऊसुद्धा नाही वाजले हो मॅडम."

सावली गेली.

दुसऱ्यांदा मासा बरोबर समोर आला. तिच्या तोंडून निघून गेलं, बारा, साहेब, बारा. आजानं काठी खाली टाकली आणि कपाळाला हात लावला.

"बारा वाजले? आपले? मग आधी नाही का सांगायचं?"

त्याच्या होडीत बारा म्हणायची बंदीच होती. समोरच्या माशाला "नाकासमोर" म्हणायचं, हे त्यानं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, कारण बारा ऐकून खरोखरच एका गिऱ्हाइकानं घाबरून पाण्यात उडी मारली होती. अक्षताचे कान लाल झाले.

सुकती जोरात चालली होती. अजून तासभर, मग इथं नुसता चिखल. तिनं दात आवळले आणि होडी कांदळाच्या कडेनं घेतली, जिथं झाडांची मुळं पाण्यात उतरतात आणि चणक दबा धरून बसतो. चणक म्हणजे तोच, ज्याला वर मुंबईकडं जिताडा म्हणतात. चणक लागला की सगळं माफ.

आणि तिला दिसला.

रेतीवर, मुळांपासून दोन हात बाहेर. लांब, काळसर, तोंड प्रवाहाकडं, शेपटी सावकाश इकडून तिकडं. एवढा मोठा चणक तिनं या हंगामात बघितला नव्हता.

"साहेब. नाकासमोर. जरा डावीकडं. तीस फूट. हलू नका."

"कुठं आहे? मला नाही दिसत."

"मला दिसतोय ना. टाका तुम्ही."

आजानं काठी उचलली. दोरी हवेत मागं गेली, पुढं आली, आणि पिसं पडली ती बरोबर डोक्यापुढं हातभर. नाटक कितीही केलं तरी हात खोटं बोलेना.

आजानं दोरी हळूहळू ओढली. पिसं नाकासमोरून गेली.

काही नाही.

पुन्हा टाकली. काही नाही.

तिसऱ्यांदा दोरी सरळ त्याच्या पाठीवर पडली. एवढ्यानं कुठलाही चणक उडून गेला असता. हा जागचा हलला नाही. शेपटी तशीच इकडून तिकडं... इकडून तिकडं...

अक्षतानं डोळे बारीक केले. आणि तिला सुतळी दिसली.

मासा नव्हता. माडाचं चुडत होतं. पाण्याखाली अडकलेलं नारळाच्या झावळीचं वाळकं दांडोरं.

टोकावर उभा म्हातारा वळून तिच्याकडं बघत होता, हिरव्या टोपीखालून, काळ्या चष्म्यातून.

"काय झालं हो मॅडम?"

तो शब्द तिनं शोधला नाही. तो तिथंच ठेवलेला होता. सातही गाइडांच्या तोंडात असतो, दिवसातून चारदा.

"गेला."

"गेला?"

"हो. जरा उशीर झाला तुम्हाला."

आजानं मान खाली घातली. एवढं वाईट वाटलं त्याला की बघवेना. माझंच चुकलं हो, म्हणाला. वय झालं, म्हणाला, हात पूर्वीसारखा चालत नाही, तुम्ही बिचाऱ्या एवढं दाखवता आणि आम्ही असे. मग त्यानं विचारलं, केवढा होता.

"होता मोठा."

"तरी?"

"...सहा किलो असेल."

सहा किलो, सहा किलो, असं आजा स्वतःशी दोनदा म्हणाला. मग विचारलं, माझ्या गरीकडं बघितलं तरी का त्यानं. अक्षता म्हणाली, बघितलं. मग काय केलं? मग वळला. रागावून वळला की नुसताच वळला? नुसताच वळला. कुठल्या बाजूला? तिनं समुद्राची बाजू दाखवली. आजानं त्या बाजूला बघून टोपी काढली आणि नमस्कार केला.

मग म्हणाला, आपण जरा तिथवर जाऊ या का, एखादं खवलं पडलं असलं तर घरी दाखवायला नेतो.

ती म्हणाली, तिथं पाणी कमी आहे. आजा म्हणाला, आपल्याला चालेल. ती म्हणाली, होडी अडकेल. आजा म्हणाला, अडकली तर मी उतरून ढकलतो, मला व्यायाम सांगितलाय डॉक्टरनी.

बांबू तिच्या हातात होता, पण होडी गेली तिथंच.

आजा ओणवा झाला. हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि वर काढला. चुडत. दोन्ही बाजूंची पाती कोयत्यानं साफ उतरवलेली, टोकाला शेपटीएवढी ठेवलेली. मधोमध सुतळीनं बांधलेला दगड. दगडाची गाठ आजाची, ती गाठ तिला त्यानंच शिकवली होती.

सकाळी उजाडताना हा माणूस इथं येऊन हे करून गेला होता. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस.

त्यानं ते चुडत होडीत दोघांच्या मधे आडवं ठेवलं, मासा ठेवतात तसं. डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला.

"सहा किलो भराचा नाय हां ह्या," तो म्हणाला.

आणि हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता चष्मा पाण्यात पडला, तरी हसतच होता.

अक्षता हसली नाही. तिला समोर बर्फाच्या लाद्या दिसत होत्या, आणि कोळंब्यांचा ढीग, आणि सोमवार.

"सगळेच म्हणतत," ती म्हणाली. "गेलो, गेलो, सगळेच म्हणतत."

"मीव तसाच म्हणी."

हसू थांबलं होतं.

मग आजानं तिला एका मास्तरची गोष्ट सांगितली. कोल्हापूरकडचा निवृत्त मास्तर, पेन्शनीतून घेतलेली नवी काठी, आणि पहिल्यांदाच समुद्र बघितलेला माणूस. सकाळभर आजानं त्याला एकच मासा दाखवला आणि चार वेळा सांगितलं, गेला, तुम्हाला उशीर झाला. तो मासा दगड होता. आजाला चौथ्या वेळी कळलं, पण तोवर बोलायचं कसं? मास्तर संध्याकाळी काठी होडीतच ठेवून गेला. म्हणाला, मेतर, हे आपल्याला जमणारं नाही, मी पहिल्यापासून जरा मंदच. परत कधी आला नाही. आजानं पत्र लिहायचं ठरवलं होतं, पण आजाला सहीपुरतंच लिहिता येतं, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायची लाज वाटली.

"तीच काठी ही," आजा म्हणाला.

अक्षतानं काठीकडं बघितलं. मुठीचं बूच काळं पडलं होतं.

...

पाणी उतरत होतं. मुळांवरचे शिंपले उघडे पडून टकटक वाजत होते. होडी आपोआप प्रवाहाबरोबर कांदळाच्या वळणाशी आली, जिथं सुकतीचं पाणी एका खोलगट चरात गोळा होतं.

तिथं, सावलीत, काहीतरी होतं.

लांब. काळसर. प्रवाहाकडं तोंड असल्यासारखं. टोक हलत होतं, पण पाण्यात सगळंच हलतं.

"ता काय?" आजानं विचारलं.

अक्षता बघत राहिली. डोळे फाडून बघत राहिली. या नजरेनं तिनं खाडी जिंकली होती. मासा? असेल. चुडत? तेही असेल. म्हाताऱ्याचा काय भरवसा, त्यानं एक बांधलं असेल तर दोनही बांधली असतील. हो म्हणावं तर पुन्हा हसं, नाही म्हणावं आणि मासा निघाला तर गाइड कसली.

तिनं बांबू टेकवून होडी थांबवली.

"माहीत नाय," ती म्हणाली.

दोन हंगामांत पहिल्यांदा.

आजा असा ताडकन उठला की होडी कलंडता कलंडता राहिली.

"मगे टाकूक होयी," तो म्हणाला.

दोरी मागं गेली, पुढं आली. पिसं सावलीच्या कडेला पडली, एवढीशी टपकन. आजानं एक झटका दिला. दुसरा झटका दिला.

पाणी फुटलं.

अख्खी सावली वर आली, तोंड बादलीएवढं उघडलेलं, सोनेरी डोळा, आणि हवेत डोकं झाडत अशी आदळली की दोघांच्याही तोंडावर खारं पाणी. दोरी आजाच्या बोटांतून सू करत निघाली. काठी वाकून पाण्याला टेकली.

आणि चणक निघाला मुळांकडं. एकदा मुळांत शिरला की दोरी तुटली.

तिनं बांबू रेतीत रोवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. होडी फिरली. मासा आणि मुळं यांच्या मधे तिनं ती आडवी घातली, आणि मासा होडीखालून पलीकडं निघाला, आणि आजा टोकावर भोवऱ्यासारखा फिरला, त्या ढोलाच्या बुटांत.

"काठी पाण्यात घाल, आजा! आत घाल!"

आजानं काठी पाण्यात घातली.

"ओढू नको. सोड. सोड म्हणतंय ना!"

आजानं सोडली. कुणाला आपण अरेतुरे करतोय याचं तिला भान नव्हतं, आणि म्हातारा शाळेतल्या पोरासारखा सांगेल ते करत होता. मासा पुन्हा उडाला. पुन्हा मुळांकडं वळला. बांबू चिखलात रुतला, तिनं तो उपटला, अर्धी खाडी अंगावर घेतली. आजाची टोपी कधीच वाहून गेली होती आणि तो मोठमोठ्यानं काहीतरी गात होता, शिमग्यातलं, चारचौघांत न म्हणण्यासारखं.

मग मासा दमला.

अक्षता पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं त्याचा खालचा ओठ अंगठ्यात धरला आणि दुसरा हात पोटाखाली घातला. हातभर लांब आणि वर वीतभर. खवलं ऊन पडलेल्या कौलासारखी. कल्ले उघडत मिटत होते.

तिनं गरी सोडवली. त्याला प्रवाहाकडं तोंड करून धरून ठेवलं. थोडा वेळ तो तिच्या हातात तसाच राहिला.

मग शेपटीचा एक फटका, आणि हात रिकामे.

आजानं होडीतच फुगडीच्या दोन गिरक्या मारल्या. तिसरीला पाय घसरून बसला, आणि बसल्या बसल्याच टाळ्या वाजवत राहिला.

परतताना दोघंही ओलीचिंब होती. आजानं ते बूट काढून पिशवीत टाकले आणि अनवाणी पाय होडीबाहेर सोडून बसला. अक्षताच्या ओठावर एकच प्रश्न होता. कांदळ मागं गेलं, रेती मागं गेली, प्रश्न तिथंच. विचारायला गेली की आजा पाण्याकडं बघायचा.

खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. सुकतीला तिथं पाणी उकळल्यासारखं होतं, आणि वाट एका होडीपुरती. तिथं आल्यावर आजा काही न बोलता मागं यायचा आणि बांबू घ्यायचा. दोन हंगामांत एकदाही हे चुकलं नव्हतं.

खडक दिसायला लागले. पाण्याचा आवाज यायला लागला.

आजा उठला नाही.

तिनं होडी धरून ठेवली. थोडा वेळ वाट बघितली. मग बांबू पाण्यातून काढून त्याच्यापुढं धरला, दोन्ही हातांनी.

आजानं बांबूकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. चष्मा नव्हता, टोपी नव्हती, तोंड वाकडं नव्हतं. मिशीवर मीठ वाळलं होतं.

त्यानं पाय आत घेतले, हात मांडीवर ठेवले आणि नीट समोर तोंड करून बसला.

"मी हयसर नवो मनीस," तो म्हणाला. "वाट तुमका म्हायत."